बिनगादीच्या खुर्च्या आणि आमचे भावजी

आमच्या वर्कशॉपमधलं सगळं भंगारवाला घेऊन जातो. कापलेल्या सळ्या, जळके वेल्डिंग रॉड, फुटक्या बादल्या, सगळं! किस्से तेवढे तो नेत नाही. त्यामुळे ते इतके साठलेत, की घरी चार माणसं आली आणि मी चहाचं आधण ठेवलं की एखादा तोंडातून सांडतोच. पण सांगताना काय होतं, मध्येच कोणीतरी हसतं, मग मी हसते, मग चहा उतू जातो, आणि शेवट राहून जातो. म्हणून म्हटलं, एकदा बैजवार सांगून टाकू.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ नको. मांडव्याच्या रस्त्याला आमचं घर, आणि घराला लागून पत्र्याची शेड, तेच वर्कशॉप. दिनेश भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, वेल्डिंग करतात. आमचे हे टेम्पो चालवतात. मी रंगाचं बघते, फोन घेते आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलते. आणि सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते, त्या आम्हा तिघांना नावं ठेवतात. कारभार असा चोख वाटून घेतलेला आहे!

* * *

पूर्वी भावजी गेट, ग्रिल आणि पाण्याच्या टाकीचे स्टँड करायचे. मग एक दिवस एका बंगल्यावरच्या मॅडम गाडीतून खुर्ची घेऊन आल्या. मुंबईहून बोटीनं येऊन शनिवार-रविवार राहणारी ही मंडळी; इकडे त्यांचे बंगले रग्गड.

खुर्ची म्हणजे नुसती तारांची जाळी, खोलगट वळवलेली, आणि खाली चार काटकुळे पाय. "माझ्या आजोबांची आहे," मॅडम म्हणाल्या. "मिड-सेंच्युरी मॉडर्न! खाऱ्या वाऱ्यानं टाके सुटलेत. जोडून द्याल?"

भावजींनी ती खुर्ची नुसती फिरवून फिरवून बघितली. जेवताना समोर ठेवून बघितली. शेवटी जोडून दिली, पण तोवर तिनं त्यांना पुरतं नादाला लावलं होतं. त्यांनी साचा केला, सळ्या वळवल्या आणि तशीच एक खुर्ची घरासाठी बनवली.

आईंनी मिश्री लावता लावता तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"ह्ये काय?"

"खुर्ची, आये. मिड-सेंच्युरी मॉडर्न. साठ-सत्तर वर्सांपूर्वीची."

"म्हंजे जुनी."

"जुनी न्हाय, मॉडर्न!"

"बरं बाबा, मॉडर्न. आन् बसायचं कुठं? सगली भोकंच हायत!"

भावजींनी समजावलं, की भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, त्यातून वारा खेळतो. आई म्हणाल्या, "वारा खायला मी अंगणात बसतंय ना. त्याला लोखंड कशाला?" आणि खरंच अंगणात जाऊन बसल्या.

* * *

भावजींचा एक नियम होता: गादी नाही!

"गादी टाकली की काम झाकलं, वैनी." एकेक सांधा ते असा घासतात, की बोट फिरवलं तर कुठं काही लागत नाही. मग ते झाकायचं कशाला? कोणी गादी मागितली, की ताज्या पापलेटच्या कालवणात साखर मागितल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं.

पहिलं गिऱ्हाईक किहीमच्या बंगल्यातले एक रिटायर्ड साहेब. त्यांना खुर्ची इतकी आवडली, की सकाळी हाफ पँट घालून व्हरांड्यात बसले ते पेपर, नाश्ता, पुन्हा पेपर, पुन्हा चहा असं सगळं त्याच खुर्चीत झालं. मग उठले आणि तसेच समुद्रावर फिरायला गेले.

संध्याकाळी एक अनोळखी बाई आमच्या दारात. "तारेच्या खुर्च्या तुम्हीच बनवता ना? मला चार हव्यात."

"हो, आम्हीच. पण पत्ता कोणी दिला?"

बाई जरा लाजल्या. "अहो, सकाळी समुद्रावर माझ्या पुढे एक गृहस्थ चालत होते. त्यांच्या मांड्यांवर मागून इतकी सुंदर जाळी उमटली होती! मला राहवेना. शेवटी गाठून विचारलंच."

मी तोंडाला पदर लावला. पण भावजी गंभीर. हातातला ग्राइंडर खाली ठेवून पुढे आले आणि म्हणाले,

"जाळी सरळ उमटली व्हती ना? कुठं वाकडी न्हाय ना?"

* * *

पावसाळ्याआधी आमच्याकडे आगोट भरतात, म्हणजे चार महिन्यांची बेगमी. त्यात सुकी मासळी आलीच. त्या वर्षी आईंनी ओले बोंबील घेतले आणि वाळत घालायची दोरी कुठे सापडेना. अंगणात मात्र सहा नव्या पांढऱ्याशुभ्र खुर्च्या, रंग वाळलेल्या, उद्या पोचवायच्या म्हणून रांगेत उभ्या!

मी अलिबागहून परतले तर प्रत्येक खुर्चीच्या पाठीला बोंबील. जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीनं, अगदी शिस्तीत लटकलेले.

"आई! अहो, हे काय केलंत?"

"आता कुठं त्या खुर्चीचा उपेग कळला बग!" आई खूश होत्या. "वारा खेलतोय, दिन्या खोटं न्हाय बोलला."

ह्या खुर्च्या ज्यांच्याकडे जायच्या होत्या, ते शेट पक्के शाकाहारी. मुंबईचे, तिसऱ्या पिढीचे व्यापारी, कांदासुद्धा न खाणारे! आम्ही त्या खुर्च्या साबणानं धुतल्या, लिंबू चोळलं, चिंच चोळली, राखेनं घासल्या. वास काही हटेना. शेवटी देवाचं नाव घेऊन ह्यांनी टेम्पोत भरल्या आणि नेऊन पोचवल्या.

चार दिवस मी फोन वाजला की दचकायचे. पाचव्या दिवशी शेटाणीबाईंचा फोन आलाच. श्वास रोखून उचलला.

"बेन, खुर्च्या फर्स्ट क्लास छे!" बाई म्हणाल्या. "व्हरांड्यात बसलं की समुद्राचा काय छान वास येते! अने इकडच्या मांजरी किती प्रेमळ! दिवसभर खुर्चीला बिलगून बसते, हटतच नाय!"

* * *

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं सांगायला बसले ते. भावजींचं लग्न.

भावजी चाळिशीला टेकले होते आणि लग्न जमत नव्हतं. मुलीकडच्यांना कंपनीतला मुलगा हवा, नाहीतर मुंबईतला. पत्र्याच्या शेडमध्ये ठिणग्या उडवणारा कोणाला हवा? "मला काय, माझं बरं चाललंय," असं भावजी म्हणायचे. पण पाहुणे येणार म्हटलं की अलिबागला जाऊन नवा शर्ट आणायचे. बाकी सगळ्या शर्टांना ठिणग्यांची भोकं ना! कपाटात न वापरलेल्या शर्टांची चळत वाढत चालली होती, आणि ती बघून आई देवाशी भांडायच्या.

त्यात भावजींचा हट्ट, की पाहुण्यांना बसवायचं ते आपल्याच खुर्च्यांवर. आणि गादी नाही!

पहिले पाहुणे पेणकडचे. मुलीची मावशी जरीचा भारी शालू नेसून आलेली. पोहे झाले, चहा झाला, बोलणी रंगात आली. भावजी एरवी बोटानं सांधे तपासणारे, पण नेमकी घाईत केलेली एक खुर्ची मावशींच्या वाट्याला आली. एका तारेचं टोक घासायचं राहिलं होतं. शालूची जर त्यात अशी अडकली, की मावशी उठल्या तशी खुर्चीही उठली! मावशी पुढे, खुर्ची मागे, अशी वरात दारापर्यंत गेली.

माझ्या सासूबाई व्यवहारी. त्यांना वाटलं, ही वेळ बरी आहे, पाहुणीला आता लगेच जाता येत नाही. त्यांनी तिथल्या तिथं विचारलं, "मग काय, पोरीचं नक्की समजायचं?"

मावशी कडाडल्या, "पोरीचं मागाहून बघू! आधी मला सोडवा!"

भावजींनी पक्कड आणून तार कापली. शालू वाचला, पण सोयरीक गेली.

* * *

दुसऱ्या खेपेला मुलीकडचे पनवेलहून आले. मुलगी शिकलेली, बँकेत कामाला. तिलाच घर बघायचं होतं म्हणून तीही बरोबर आली. मी भावजींना आदल्या दिवशीच बजावलं होतं, "खुर्चीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही!"

भावजींनी मान डोलावली. पण मुलीचे वडील वजनदार गृहस्थ, त्यांनीच बसता बसता विचारलं, "ही माझं वजन घेईल ना हो?"

झालं! सुक्या गवताला काडी लागली. भावजी उठले आणि त्यांनी आधी वडिलांना खुर्चीत बसवलं. मग खुर्चीवर उभं केलं. मग मुलीच्या काकांनाही वर चढवलं. दोघे एकमेकांच्या खांद्याला धरून खुर्चीवर उभे, आणि भावजी खाली उकिडवे बसून पाय दाखवताहेत. "हे बगा, हितं ताण येतो. हितून तो खाली उतरतो. बगा, हललं का?" त्यांचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. मुलगीही हसत होती हो! मला वाटलं, जमलं. ह्या वेळी जमलंच.

पाहुणे निघाले. वडिलांनी दारात भावजींच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमचं काम आवडलं आम्हाला. बरं, मुलगी कशी वाटली?"

भावजींनी इकडेतिकडे बघितलं.

"कुठली?"

पाहुणे गेल्यावर ह्यांनी आणि मी पोट धरधरून हसून घेतलं. मग मी शेडमध्ये चहा द्यायला गेले. भावजी नवा शर्ट घालूनच स्टुलावर बसले होते. समोर त्यांच्याच खुर्च्या, सगळ्या रिकाम्या.

"वैनी, मला ना, माणसांशी बोलता येत न्हाय," ते म्हणाले. "खुर्चीबद्दल बोलता येतं. मला वाटतं, खुर्ची आवडली म्हंजे मी पण आवडलो असेन."

आपण किती हसलो, असं वाटून लाज वाटली. चहा ठेवला आणि बाहेर आले.

* * *

दिवेआगरच्या एका होमस्टेला आठ खुर्च्या द्यायच्या होत्या. आमचे हे टेम्पो घेऊन मुरुडवरून आगरदांड्याला गेले. तिथून फेरीबोटीत टेम्पो चढवायचा आणि खाडीपलीकडे दिघीला उतरायचं. जेट्टीवर एक म्हातारी हातात टोपली घेऊन उभी. नाव मागाहून कळलं, लक्ष्मीआत्या; दिघीच्या पुढच्याच गावातल्या.

"मला पण सोड रं बाबा पलीकडं."

पुढे हमाल बसलेला, जागा नाही. हे म्हणाले, "आत्ये, मागं खुर्च्या हायत. बसतेस?" आत्या मागे चढल्या, एक खुर्ची निवडली आणि बसल्या ऐसपैस. बोट निघाली, वारा लागला. दिघीला उतरून थोडं पुढे गेल्यावर ह्यांनी हाक मारली, "आत्ये, तुझं गाव आलं!"

"जाऊ दे पुढं," आत्या आतून म्हणाल्या. "मला काय घाई न्हाय!"

होमस्टेचे मालक-मालकीण फोन घेऊन फाटकात उभे. खुर्च्या उतरताना व्हिडिओ काढायचा होता त्यांना. ह्यांनी मागची ताडपत्री वर केली, तर मधोमध आत्या. पान चघळत, पायावर पाय टाकून!

मालकांनी फोन खाली घेतला. "ह्या कोण?"

ह्यांनी ताडपत्री आणखी वर केली. म्हणाले, "टेस्टिंगला आणल्यात, साहेब."

आत्यांनी मालकांकडे वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "चांगल्या हायत. घ्या!"

परतीच्या वाटेवर हमालाला मागे धाडून, पुढे बसून आत्यांनी ह्यांना विचारलं, "ह्या खुर्च्या केल्या कोणी?"

"माझा धाकटा भाऊ."

"लगीन झालंय त्याचं?"

"न्हाय."

"का बरं?"

ह्यांनी गिअर बदलला आणि खरं ते सांगून टाकलं. "ह्या खुर्च्यांमुळं!"

* * *

तेवढ्यावर थांबतील तर त्या आत्या कसल्या! आठवड्यात त्यांचा फोन. त्यांची भाची सुलभा एसटीत कंडक्टर. आईवडील नाहीत, आत्यांनीच वाढवलेली. वयानं भावजींच्या जोडीची. "मी तिला घेऊन येतंय. जास्त काय करू नका."

त्या दिवशी सकाळी मी अंगणात आले आणि बघतच राहिले. मंडपवाल्याच्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या! भावजींनी स्वतः आणल्या होत्या. आपली एकूण एक खुर्ची उचलून शेडमध्ये नेऊन टाकली होती.

"हे काय हो, भावजी?"

"असू दे, वैनी. ह्या वेळेला खुर्च्या मध्ये नकोत."

नवा शर्ट मात्र होता. मला वाईट वाटलं. त्या खुर्च्यांवर मी इतकी हसले होते, पण त्या अंगणात नव्हत्या तर अंगण परक्याचं वाटत होतं.

सुलभा पहाटेची ड्यूटी उरकून थेट आली होती. कपडे बदललेले, पण डोळ्यांत झोप. आत्या बसल्या. ही उभीच राहिली, एक खांदा दाराच्या चौकटीला टेकून आणि पाय जरा फाकून, चालत्या गाडीत राहावं तशी. हातातल्या कपातला चहा कडेपर्यंत भरलेला, एक थेंब सांडला नाही.

"बस गं पोरी," आई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे, आई. उभ्यानं बरं पडतं मला."

मी म्हटलं, ह्यांनी म्हटलं, आत्या चिडून म्हणाल्या, पण ती काही बसेना. भावजी समोरच्या खुर्चीत चोरासारखे बसलेले. सुलभानं त्यांना सरळ विचारलं, "तुम्ही काय बनवता?"

आता सुटणार भावजींची गाडी, असं वाटलं.

"काय न्हाय," भावजी जमिनीकडे बघत म्हणाले. "गेट. ग्रिल. टाकीचे स्टँड."

"आन् खुर्च्या?" आत्या म्हणाल्या.

भावजी शर्टाचं बटण चाचपत राहिले. मला वाटलं, जाऊन त्यांना गदगदा हलवावं. अहो, सांगा ना! आता तरी सांगा!

सुलभानं कप ठेवला. "हात कुठं धुवू?" नळ मागे, शेडच्या बाजूला. मी बोट दाखवलं. ती गेली.

आई पोहे घेऊन आल्या. पोहे निवायला लागले, तरी सुलभा येईना. आत्या अस्वस्थ झाल्या. भावजींचा चेहरा पडला. मागच्या वाटेनं निघून गेली, असंच त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं. मी उठून मागे गेले, तर शेडच्या दारातच थबकले.

आत बाकीच्या खुर्च्यांपुढे दोन शेजारीशेजारी ठेवलेल्या, रंग न लावलेल्या. एका खुर्चीवर तिची पर्स. दुसरीत ती. चपला काढून ठेवलेल्या, मान खांद्यावर कललेली, तोंड किंचित उघडं. गाढ झोपलेली! डुलकी वगैरे नव्हे हो, चक्क झोप.

माझ्या मागोमाग सगळे आले. आत्यांनी कपाळाला हात लावला आणि हाक मारायला तोंड उघडलं, "सुलू..."

"उठवू नका."

भावजींचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आत्यांनी तोंड मिटलं.

मग भावजींनी जाऊन रंगाच्या कॉम्प्रेसरचा खटका हळूच बंद केला. पंपाचाही बंद केला. बाहेर रस्त्यावर पाववाला येताना दिसला. आता हा हॉर्न दाबणार! भावजींनी ह्यांना नुसती खूण केली. हे अनवाणी धावत गेले आणि हॉर्नवर हात पडायच्या आत त्याचे होते तेवढे पाव विकत घेऊन त्याला वाटेला लावलं. प्लास्टिकच्या खुर्च्या कुरकुरतात, म्हणून त्या आणायचं कोणी मनात आणलं नाही. आई पोह्यांचं ताट धरून उभ्या. आत्या उभ्या. मी उभी.

पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप सुलभाच्या डोळ्यांवर आली. भावजी पुढे झाले आणि मध्ये उभे राहिले, अशा बेतानं की त्यांची सावली तिच्या चेहऱ्यावर पडावी. तिरीप सरकत गेली, तसे तेही सरकत गेले. घामानं नवा शर्ट पाठीला चिकटला होता. खुर्चीबद्दल, ताणाबद्दल, सांध्यांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. आणि मी, जिला गप्प बसायचं माहीत नाही, तीही गप्प होते.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. समोर उन्हात घामाघूम झालेले भावजी. त्यांच्या मागे ताट धरलेल्या आई, मी, आत्या, आणि दारात दोन्ही हातांत पावांच्या लाद्या कवटाळून आमचे हे. मला वाटलं, बिचारी आता लाजेनं मरणार.

ती लाजली नाही. तिनं आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, शेवटी भावजींवर आणली.

"अवो, उभे का असे?" ती म्हणाली. "बसा ना."

आणि शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून तिनं मांडीवर घेतली.